पुराच्या दिवशी खाणीवर भरलेली बाटली: निकाल कळवायचा की नाही?

सातारकर_एनएच · 12 ऑगस्ट 2023

नमस्कार मंडळी. न्यू हॅम्पशायरमध्ये एका दगडखाणीवर पर्यावरणाची कागदपत्रं बघतो. बघतो म्हणजे काय, आधीच्या बाई निवृत्त झाल्या आणि त्यांची फाइल माझ्या टेबलावर आली. मी मूळचा सिव्हिलवाला. इथे मराठीत विचारतोय कारण इंग्रजीत विचारलं तर ऑफिसातलं कोणीतरी वाचेल.

जागेची कल्पना देतो. ग्रॅनाइट फोडून खडी करतो. वर खाण, तिच्याखाली क्रशर, त्याखाली गाळ बसवायचं तळं. तळ्याला सांडवा, सांडव्यापासून चर, आणि चराचं पाणी रस्त्याखालच्या मोरीतून ओढ्यात. पावसाच्या पाण्याचा नमुना घ्यायची आमची ठरलेली जागा म्हणजे मोरीचं तोंड. परवाना ईपीएचा (केंद्राच्या पर्यावरण संस्थेचा) 2021 चा एमएसजीपी, म्हणजे कारखाने-खाणींच्या पावसाच्या पाण्याचा सामायिक परवाना. आम्ही त्यात गेल्या वर्षअखेरीस आलो, म्हणून यंदा चारही तिमाह्यांत नमुने आहेत. आमच्या वर्गाला फक्त टीएसएस, म्हणजे पाण्यात तरंगणारा गाळ. बेंचमार्क, म्हणजे ताडून बघायचा आकडा, लिटरला 100 मिलिग्रॅम. पहिल्या तिमाहीत 58 आले, दुसरीत 71. मी खूश होतो.

मग 10 जुलै. नदीपलीकडे व्हरमाँटमध्ये माँटपीलियर शहर बुडालं ते तुम्ही बातम्यांत पाहिलं असेल. आमच्या पर्जन्यमापकात दीड दिवसात सव्वाचार इंच. माझ्या घरासमोरचा रस्ता वाहून गेला, मी घरीच अडकलो. फोरमन मात्र रात्रभर खाणीवर होता. कोणी सांगितलं नव्हतं, तरी त्याने कपाटातल्या नमुन्याच्या दोन बाटल्या काढल्या, काठीला चिकटपट्टीने एकेक बांधली आणि भरून आणल्या. एक बर्फात ठेवून लॅबला दिली. दुसरी ऑफिसच्या खिडकीत उभी आहे.

निकाल आला: 1,140.

मॅनेजर म्हणतो, वाईट हवामानाची सूट आहे ना परवान्यात, मग ‘पुरामुळे नमुना घेता आला नाही’ असं टाक आणि सप्टेंबरात एखादा शहाणा पाऊस बघून दुसरा घे. सूट आहे हे खरं, मी वाचली. पण नमुना तर घेतलाय! शिवाय दोन पावसांमध्ये 72 तासांचं अंतर हवं म्हणतात, आणि 10 जुलैनंतर महिनाभर आमच्याकडे सलग तीन दिवस कोरडे गेलेले नाहीत. आणि खाणीत पंधरा फूट पाणी साचलंय, सोमवारी पंप लावायचाय, ते वेगळंच. कोणी या कामातलं आहे का इथे?

बाप्या_बे_एरिया

अस्मानी संकट आहे रे. त्या दिवशी अख्खा ओढाच 1,140 असेल, तुझं पाणी कुठलं आणि ओढ्याचं कुठलं कोण सांगणार? मॅनेजरचं ऐक आणि झोप.

कराडची_ताई

बाप्या, तू गमतीत जे म्हणालास तोच खरा प्रश्न आहे, पण सल्ला साफ चुकीचा.

सातारकर, मी मॅसॅच्युसेट्समध्ये एकोणीस वर्षं हेच करतेय. सिमेंटची गोदामं, भंगारवाले, खडीवाले, सगळे. आमच्याकडे आणि तुमच्याकडे राज्याला हा परवाना द्यायचा अधिकार नाही, म्हणून थेट ईपीए. त्यामुळे नियम सारखेच.

आधी ती सूट बघू. स्थानिक पूर, विजा, सोसाट्याचा वारा, म्हणजे माणसाला जिथे जाणं धोक्याचं किंवा अशक्य आहे तिथे जाऊ नका, आणि पुढच्या योग्य पावसात बदली नमुना घ्या, एवढीच ती सूट. ती माणसाचा जीव वाचवायला आहे. हाती आलेला आकडा गायब करायला नाही. आणि सूट घेतली तरी रिपोर्ट चुकत नाही. नेट-डीएमआरमध्ये, म्हणजे ईपीएच्या ऑनलाइन रिपोर्टात, नमुना का घेतला नाही ते लिहावंच लागतं. नमुना घेऊन ‘घेतला नाही’ लिहिलंस तर ते सरळ खोटं, आणि खाली सही तुझ्या कंपनीची. ठरलेल्या जागी, मान्य पद्धतीने घेतलेला प्रत्येक नमुना कळवायचा असतो, जास्तीचा असला तरी.

गंमत अशी की पुराच्या दिवशी नमुना घ्या असं कोणी सांगितलंच नव्हतं. तिमाहीला एक हवा. तुमची तिमाही 30 सप्टेंबरला संपते. फोरमनने मनापासून केलं आणि तुला कामाला लावलं.

आता तो आकडा खरा धरला तर काय? 100 च्या वर गेलं म्हणून परवान्याचा भंग होत नाही, हे मॅनेजरला पहिलं सांग, म्हणजे त्याचा रक्तदाब उतरेल. बघतात ती चार तिमाह्यांची सरासरी. पण बेरीज 400 च्या वर गेली की पुढचे नमुने शून्य आले तरी सरासरी 100 च्या खाली येणार नाही, म्हणून तिथेच पहिल्या पातळीची कारवाई लागू होते. 58 + 71 + 1,140 म्हणजे तुम्ही केव्हाच पलीकडे. पहिल्या पातळीत फाशी नाही देत: पाणी आवरायची तुमची व्यवस्था तपासा, काय कमी पडलं ते लॅबचा निकाल हाती आल्यापासून 14 दिवसांत सुधारा, अगदीच शक्य नसेल तर 45 दिवसांत, आणि पुढच्या चार तिमाह्या नमुने चालू ठेवा. ‘असाधारण घटना’ म्हणून यातून सुटायची एक वाट आहे. लगेच तशी नोंद करायची आणि पुढच्या पावसातला नमुना बेंचमार्कच्या आत आलाय हे दाखवायचं. पण ती एका जागेसाठी, एका घटकासाठी एकदाच मिळते. मी असते तर विचार करून वापरली असती.

72 तासांचं: तुमच्या भागात त्या काळात पाऊस याहून कमी अंतरानेच पडतो हे नोंदींनी दाखवता आलं तर ती अट लागत नाही. पण सांभाळून. ऑगस्टचा चांगला नमुना चालवायला ते कारण देशील आणि जुलैचा वाईट नमुना अंतर कमी म्हणून नाकारशील, असं नाही चालत. एकच कागद दोन्हींना लागू.

म्हणून आकड्याचं नंतर. आधी फोरमनला तीन गोष्टी विचार. नेमका कुठे उभा होता? मोरीचं तोंड तेव्हा दिसत होतं का? आणि आधीच्या पावसाचं पाणी मोरीतून शेवटचं कधी वाहिलं होतं? फोटो काढला असेल तर सोनं. कृष्णा चढली की कराडात प्रीतिसंगमावर कुठलं पाणी कृष्णेचं आणि कुठलं कोयनेचं हे कोणाच्या बापाला सांगता येत नाही. तसं ओढ्याचं पाणी मोरीत उलटं आलं असेल तर बाटलीत तुमचं पाणी नाही, ओढ्याचं आहे.

चिपळूणचा_चिरेवाला

ताई, तुमच्या तिकडच्या नियमांत मला काही गती नाही, पण पंपावरून बोलतो. आमची जांभ्याची चिरेखाण आहे, पावसाळ्यात बंदच असते. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठी बाजारपेठेत शिरली तेव्हा आम्ही वर सड्यावर सुखरूप होतो. खाण मात्र विहिरीसारखी भरली. दिवाळीच्या आधी मोटर लावून उपसायला घेतलं. पाणी वरून स्वच्छ दिसत होतं, म्हणून माणसाने फूटव्हॉल्व्ह, म्हणजे पाणी ओढायचं तोंड, पार तळाला सोडला. दोन तासांनी खालचा शेतकरी आला, काही न बोलता मला हाताला धरून घेऊन गेला. कापणीला आलेल्या भाताच्या खाचरात हळदीकुंकवासारखा चिखल बसलेला. भरपाई दिली, बोलणीही खाल्ली. तेव्हापासून फूटव्हॉल्व्ह रिकाम्या पिंपाला बांधून वरच्या वर तरंगता ठेवतो आणि पाणी आधी जुन्या खड्ड्यात सोडतो.

बाकी तो 100 चा आकडा ओळखीचा वाटला. आपल्याकडे नदीनाल्यात पाणी सोडायचं तर 1986 च्या पर्यावरण संरक्षण नियमांत गाळाची मर्यादा 100 मिलिग्रॅमच आहे. फक्त आपल्याकडे तो मानक आहे, तिकडे नुसती धोक्याची घंटा, असं ताईंच्या लिहिण्यावरून दिसतं.

कराडची_ताई

चिरेवाले, बरोबर पकडलंत. पिंपाची युक्ती उत्तम. आम्ही त्यालाच तरंगतं तोंड म्हणतो आणि बिल मोठं लावतो.

सातारकर, पंपाचं राहिलंच होतं. पाऊस थांबला म्हणून ते पाणी मोकळं झालं असं समजू नकोस. खडीच्या खाणीतून उपसलेल्या पाण्याला पीएच 6.0 ते 9.0 ही पक्की मर्यादा आहे. घंटा नाही, मर्यादा. चुकली की भंग. आणि पीएच 15 मिनिटांच्या आत मोजायचा असतो, म्हणजे मीटर खाणीवर हवा. लॅबला पाठवलेल्या बाटलीतला पीएच धरत नाहीत. सोमवारी पंप सुरू करायच्या आधी मीटर कॅलिब्रेट कर, आणि त्याची नोंद कर.

सातारकर_एनएच · 14 ऑगस्ट

ताई, फोरमनशी बोललो. फोटो आहे! रात्री काढलाय, टॉर्चच्या उजेडात. मोरी दिसतच नाही. ओढा रस्त्याच्या कडेपर्यंत आलाय आणि जिथे मोरीचं तोंड असायला हवं तिथे भोवरा फिरतोय. म्हणून तो वर गेला आणि सांडव्यावर काठी टाकून बाटल्या भरल्या. पहाटे सव्वाचार. आधीचा पाऊस सहा दिवसांपूर्वीचा, म्हणजे 72 तास सहज झालेत. पण सांडवा आणि मोरी यांच्यामध्ये डंपरच्या रस्त्याचं पाणी चरात येतं, नकाशावर आहे.

मग हा नमुना ठरलेल्या जागेचा नाही. सुटलो का?

कराडची_ताई

बेंचमार्कच्या हिशोबातून बहुतेक हो, कारण परवान्यातल्या जागेचं पाणी बाटलीत नाही. पण ‘घेता आला नाही’ एवढ्या तीन शब्दांवर भागवू नकोस. सरळ लिही: ठरलेली जागा पाण्याखाली होती, वाजले किती होते, पाऊस किती झाला, सांडव्यावर एक नमुना घेतला तो 1,140 आला, हा फोटो. सगळं तुमच्या पाणी-आराखड्याच्या फाइलला जोड आणि बोस्टनच्या ईपीए ऑफिसला एक पत्र पाठव. त्यांचं मत वेगळं पडलं तर ते आत्ता पत्रातून कळलेलं बरं.

आणि एक विचारते. सांडव्यावरून 1,140 जात होतं, म्हणजे गाळ तळ्यात बसतच नव्हता. तळं शेवटचं कधी उपसलं?

सातारकर_एनएच

फाइलमध्ये तारीख नाही. आज त्याच काठीने खोली मोजली. आराखड्यात आठ फूट आहे, काठी साडेतीन फुटांवर गाळात अडकली.

कराडची_ताई

मग 14 दिवसांचं घड्याळ आजपासून चालू धर. नमुना हिशोबात असो नसो, व्यवस्था कमी पडतेय हे तुला कळलंय. गाळ उपसायला यंत्र उद्याच सांग, सगळ्या खाणवाल्यांना याच महिन्यात हवं असणार. आणि काढलेला गाळ चराच्या काठावर टाकू देऊ नकोस, तिथेच टाकतात मेले.

ती खिडकीतली दुसरी बाटली अजून आहे का?

सातारकर_एनएच · 15 ऑगस्ट

आहे. तळाला दोन बोटं राखाडी गाळ बसलाय, अगदी दळलेल्या पिठासारखा, आणि वरचं पाणी महिन्यानंतरही ताकाच्या निवळीसारखं गढूळ. पट्टी शेजारी धरून फोटो काढला, मागे तारखेची चिठ्ठी. यंत्र गुरुवारी येतंय. सफाईला येणाऱ्या बाईंना सांगून ठेवलंय, हिला हात लावू नका.