पूरपथकाला व्हॉट्सअ‍ॅप पुरत नाही. फौजा काय वापरतात?

तापीकाठचा हवालदार
राम राम मंडळी. 17 वर्षं फौजेच्या सिग्नल्समध्ये, म्हणजे वायरलेस-निरोपाच्या खात्यात काढली, आता भुसावळच्या खालच्या अंगाला नदीकाठी केळी करतो. गावात पुराला धावणारं 40 पोरांचं पथक आहे, सगळा कारभार व्हॉट्सअ‍ॅपवर. मागच्या भादव्यात हतनूर धरणाचे दरवाजे उघडल्याचा निरोप ग्रुपवर पडला रात्री 11:40 ला. खाली तेरा अंगठे. मला वाटलं, निघाली पोरं. आमचा नावाडी मात्र अंगठा देऊन कूस बदलून झोपला. म्हणे, "वाचलं म्हणून दिला!" वायरलेसवर 'रॉजर' म्हणजे मिळालं, 'विल्को' म्हणजे मिळालं आणि करतो. या अंगठ्याचा अर्थ काय लावायचा? दोन म्हशी गेल्या त्यात. हल्ली फौजांचे कंट्रोल रूमवाले कशावर बोलतात? आपल्याला झेपेल असं काही?

अमळनेरकर, सध्या पुणे
आप्पा, जर्मन फौजेचा बीडब्ल्यू-मेसेंजर 'मॅट्रिक्स' नावाच्या खुल्या प्रोटोकॉलवर (निरोप पाठवायच्या, कुणालाही वापरता येणाऱ्या नियमांवर) चालतो. सर्व्हर आपला, निरोप परक्याच्या घरात पडत नाही. अमेरिकेच्या हवाई दलात मॅटरमोस्ट नावाचं चॅट अ‍ॅपही वापरतात. त्यात नावेचं चॅनल वेगळं, जेवणाचं वेगळं, त्यामुळे गुड मॉर्निंगच्या गुलाबाखाली निरोप गाडला जात नाही. 'मिळालं' अशी पोच मागायची सोय आहे, पण पैसेवाल्या आवृत्तीत. आपल्या लष्कराने 2020 ला 'साई' नावाचं स्वतःचं निरोपाचं अ‍ॅप काढलं, ते आपल्यासाठी नाही. सर्व्हर मी लावून देतो, फुकट.

धडगावची मास्तरीण
भाऊ, सर्व्हर लावा खुशाल, पण लाइट गेल्यावर टॉवर किती वेळ तगतो ते आधी बघा. आमच्याकडे सातपुड्यात पाऊस लागला की रेंज पहिली जाते, मग पोरगं पळवावं लागतं. आणि तुमचा घोटाळा अ‍ॅपचा नाहीच, अंगठ्याचा आहे. मॅटरमोस्टवर पण अंगठा असतोच की!

तापीकाठचा हवालदार
बाईंचं पटलं. सर्व्हर दिवाळीनंतर बघू, अमळनेरकर. तोवर अंगठा बंद. 'मिळालं' नाहीतर 'निघालो', दोनच शब्द, पुढे वेळ. दहा मिनिटांत 'निघालो' आलं नाही तर मी फोन लावणार, तोही लागला नाही तर धाकटा सायकलवर. रविवारी सराव घेतला. नावाड्याचं 'निघालो 7:05' सगळ्यांत आधी आलं. तेव्हा तो पारावर माझ्याच शेजारी बसून चहा फुंकत होता.