फिलाडेल्फियाच्या कॅप्टनला टाळ्या कशासाठी?

रनवे_२७
परवा कोणीतरी यूएस एअरवेज १७०२ चा फोटो टाकून खाली लिहिलं, "शेवटच्या क्षणी टेकऑफ सोडून कॅप्टनने १५४ जीव वाचवले, याला म्हणतात प्रसंगावधान." त्याखाली टाळ्यांचा पाऊस. डोकं सणकलं, म्हणून हा वेगळा धागा.

१३ मार्च २०१४, फिलाडेल्फिया, एअरबस ए३२०. विमानाच्या संगणकात धावपट्टी २७ आर (उजवी) पडली होती, उडायचं होतं २७ एल (डावी) वरून. धावपट्टी बदलली की वेगाचे आकडे आणि फ्लेक्स तापमान (पूर्णपेक्षा कमी ताकदीवर उडण्यासाठीचा आकडा) पुन्हा भरावं लागतं. ते राहिलं, आणि दोघांपैकी एकानेही पडताळलं नाही. विमान धावायला लागल्यावर इशारा आला की थ्रस्ट लिव्हर (इंजिनांची ताकद ठरवणारे दांडे, म्हणजे थ्रॉटल) सेट नाहीत. त्यावर करायचं एकच, लिव्हर पुढे टोगाला, म्हणजे पूर्ण ताकदीच्या जागी ढकलायचे. कॅप्टनने ते हलवले आणि परत फ्लेक्सलाच आणून ठेवले. वेग ८० नॉटच्या (ताशी सुमारे १५० किमी) आसपास गेला तेव्हा यंत्राचं "रिटार्ड, रिटार्ड" (लिव्हर मागे घ्या) सुरू झालं. तिथे थांबले असते तर जमिनीवरूनच हळूहळू गेटवर परत आले असते, आकडे भरून पुन्हा निघाले असते. पण नाही. नाक उचललं आणि मग साहेबांना वाटलं, हे विमान उडण्यालायक नाही! इंजिनं आयडलला, विमान परत धावपट्टीवर, नाकाखालचं चाक मोडलं. अमेरिकेच्या अपघात तपास संस्थेने, एनटीएसबीने, अपघाताचं कारण म्हणून पहिली हीच गोष्ट लिहिली: नाक उचलल्यावर टेकऑफ सोडणं. टाळ्या कशाच्या?

कडूकारले
घरी बसून सगळेच कॅप्टन. लँडिंगला, जमीन वीसेक फूट उरली की ऐकू येणारा हा "रिटार्ड"चा आवाज तुम्हाला टेकऑफच्या धावेत ऐकू आला असता, तर तुम्ही काय केलं असतं? थ्रॉटल मागे घे म्हणून यंत्र ओरडतंय, ते बंदही होत नाही, आणि असं कधी होतं हे प्रशिक्षणात कोणी सांगितलेलं नाही. आधी विमान बनवणाऱ्या एअरबसला विचारा.

रनवे_२७
विचारा की. पण स्क्रीनवर व्ही-वन (ज्यानंतर टेकऑफ सोडायचं नाही तो वेग) नाही, व्हीआर (नाक उचलायचा वेग) नाही, हे सांगायला एअरबस कशाला हवी? मेलबर्न २००९ बघा. एमिरेट्सच्या ए३४० ला ३६२ टनांऐवजी २६२ टन टाइप केलं, म्हणजे चूक याहून कितीतरी मोठी. शेपूट घासली. तरी कॅप्टनने लिव्हर टोगाला मारले, विमान वर नेलं, फिरवून परत उतरवलं. व्ही-वन उलटला की वर जायचं, एवढं साधं आहे.

कडूकारले
आणि बक्षीस काय मिळालं? दोघांची नोकरी गेली. वर म्हणायचं वैमानिक चुका का लपवतात!

ठाणेकरीण
वैमानिकांचं चालू द्या. मी केबिन क्रूमध्ये होते, माझा राग प्रवाशांवर आहे. दुबई २०१६, तिरुअनंतपुरमहून आलेलं विमान. केबिनमध्ये धूर, आणि लोक वरचे कप्पे उघडून "लॅपटॉप, लॅपटॉप" करतायत. ३०० माणसं वाचली, बाहेर एक अग्निशमन जवान गेला. आपल्या लोकांना अक्कल कधी येणार?

मिरचीभजी
"आपल्या लोकांना" कशाला? २०१५ ला लास वेगासमध्ये ब्रिटिश एअरवेजचं इंजिन पेटलं, तेव्हा गोरे साहेबही बॅगा घेऊनच उतरले. हा स्वतःला कमी लेखायचा रोग सोडा आता.

ठाणेकरीण
बरं, गोऱ्यांनाही अक्कल नाही. खूश? मग २ जानेवारी २०२४ चं टोकियोचं हानेदा विमानतळ बघा. विमान जळून कोळसा झालं, पण ३७९ च्या ३७९ बाहेर. सामान आतच राहिलं.

निवांत
ताई, एक विचारतो. बाबांचं इन्सुलिन केबिन बॅगेतच असतं. एकदा बंद एसीच्या विमानात आम्हाला तासन्तास बसवून ठेवलं, विचारलं की एकच पालुपद, "तांत्रिक कारण". मी बॅग काढायला उठलो तर तुमच्यापैकीच एकीने खेकसून बसवलं. अशांच्या भरवशावर मी औषध सोडून उतरू?

ठाणेकरीण
विमान उभं असताना ती चुकली, मी असते तर स्वतः काढून दिलं असतं. पण आग लागल्यावर तुमची बॅग म्हणजे मागच्या रांगेतल्या बाईचा रस्ता. अर्ध्या दारांतून ९० सेकंदांत सगळे बाहेर, हे विमानाला चाचणीत दाखवावं लागतं. त्या चाचणीत कोणी चाकांची बॅग ओढत नाही! आणि तिची कड लागून दाराबाहेरची हवेची घसरगुंडी फाटली, तर मागचे उतरणार कुठून?

निवांत
खेकसण्याची सवय अजून गेलेली दिसत नाही.

मिरचीभजी
टेकऑफ-लँडिंगला कप्प्यांना कुलूप लावा, विषय संपला.

ठाणेकरीण
आणि ते जाम झालेलं कुलूप उपटत चार जण वाटेत उभे राहिले की?

रनवे_२७
धागा माझा, विषय फिलाडेल्फियाचा. आठवतंय का कोणाला?

कडूकारले
आठवतंय. घ्या, ८० नॉटला थांबायला हवं होतं, दिलं तुम्हाला. पण शेजारच्या फर्स्ट ऑफिसरवर, म्हणजे सहवैमानिकेवर, तुम्ही चकार शब्द काढला नाहीत. आकडे भरायचे तिने, ते नाहीत हे बघूनही "थांबा" म्हटलं नाही.

रनवे_२७
ती म्हणाली असती तरी हा थांबला असता, असं वाटतं तुम्हाला?

कडूकारले
तिने म्हणून तर बघायचं!

निवांत
ताई, इन्सुलिनचं पाऊच टेकऑफला बाबांच्या कमरेला बांधलं तर क्रू हरकत घेते का? खेकसू नका, सरळ विचारतोय.

ठाणेकरीण
छोटं पाऊच असेल तर मी तरी घेतली नसती. सीटचा पट्टा त्याच्या खालून, मांडीलगत घट्ट बसला पाहिजे, एवढं बघा.