दीक्षित डाएट ह्यांना लागू पडलं, मला का नाही?

रामबागची_सून: मागच्या दिवाळीनंतर आम्ही दोघांनी एकदमच डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं सुरू केलं, दिवसातून दोनदाच जेवायचं, 55 मिनिटांत उरकायचं, मधे काही नाही आणि रोज 45 मिनिटं चालायचं. ह्यांचं चार महिन्यांत 9 किलो उतरलं. माझं दीड, तेही परत आलं. संध्याकाळी साडेचारला भेंडी चिरताना हात थरथरायचे, डोकं भणभणायचं, आणि एक दिवस तर शेवेचा डबा उभ्याउभ्याच अर्धा संपवला, झाकण हातातच. आता आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर सांगतात तसं दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं खाते. वजन सावकाश उतरतंय पण चिडचिड गेली. एकाचं डाएट दुसऱ्याच्या गळ्यात मारू नये असं माझं मत झालंय, पटतं का?

जीरावन: अजिबात नाही. प्रकृती-बिकृती काही नसतं, हिशोब असतो. 100 ग्रॅम शेव म्हणजे साडेपाचशेच्या आसपास कॅलरी. सकाळी पोह्यांवर मूठभर, संध्याकाळी चहाबरोबर मूठभर, इंदुरात आपण शेव खात नाही, मिठासारखी घालतो. तुमच्या मिस्टरांचं उतरलं कारण छप्पन दुकानच्या खाऊगल्लीतल्या चकरा बंद झाल्या असणार. दोनदा खा नाहीतर सातदा, पोटात किती गेलं ते मोजा.

बाबांची_लेक: हिशोब खरा पण सगळ्यांना एकच लावू नका हो. बाबांना शुगर आहे, गोळी चालू, आणि शेजारच्यांचं ऐकून कोणाला न विचारता दोन वेळांवर आले. तिसऱ्या दिवशी दुपारी दरदरून घाम, शुगर 58. साखर-पाणी पाजलं म्हणून निभावलं. आता डॉक्टरांनी गोळीच्या वेळा बदलून दिल्यात, त्यात नाश्ता हवाच.

जीरावन: औषधवाल्यांची गोष्ट वेगळी, ते डॉक्टरांनाच विचारायचं. मी धडधाकट लोकांचं बोलतोय.

राजवाडा_ते_रेसिडेन्सी: धडधाकटांचंच सांगतो. 2018 मध्ये स्टॅनफर्डचा अभ्यास आला होता, 609 लोक, अर्ध्यांना कमी फॅट, अर्ध्यांना कमी कार्ब, वर्षभर. सरासरी दोन्हीकडे पाच-सहा किलोच उतरलं. पण प्रत्येक गटात कोणाचं 25 किलोच्या वर उतरलं तर कोणाचं चक्क वाढलं! जीन्स आणि इन्सुलिन बघून कोणाला काय लागू पडेल ते आधी सांगता येतं का हेही तपासलं, नाही आलं. आणि इथे एका लॅबने माझ्याकडून डाएटसाठीच्या डीएनए टेस्टचे 12 हजार घेतले, रिपोर्टमध्ये काय तर तळलेलं कमी खा. हे तर आजी फुकटात सांगायची.

जीरावन: म्हणजे माझंच खरं. सरासरी सारखी, ज्यानं पाळलं त्याचं उतरलं.

रामबागची_सून: अहो भाऊ, पाळता येणं हेच तर सूट होणं ना! ह्यांना दुकानावर गिऱ्हाइकांच्या गर्दीत भूक आठवतच नाही, अकराला जेवले की थेट रात्री आठ. मी साडेपाचला उठते, दोन डबे, सासूबाईंचं पथ्याचं, आणि दिवसभर ओट्यासमोर, समोर काही ना काही शिजतंय. तिथे नुसतं बघत बसायचं म्हणजे काय ते एक दिवस करून बघा. आणि ह्यांचं पाळणं तरी काय, मोबाइलवर 55 मिनिटांचा टायमर लावून बसतात, 52व्या मिनिटाला जलेबी.

बाबांची_लेक: 😂😂 आमच्याकडे पण एक काका असेच.

जीरावन: थांबा थांबा, जलेबी रोज? मग 9 किलो उतरलं कसं?

रामबागची_सून: मी तरी सकाळपासून काय विचारतेय!