मदत हवी आहे: चौथ्या पिढीच्या ओयूमध्ये अझेल्फ लीड, ईव्ही आणि चौथी मूव्ह

नमस्कार मंडळी,

सध्या पोकेमॉन शोडाउनवर (ऑनलाइन पोकेमॉन लढतींची साइट) चौथ्या पिढीचं (डायमंड-पर्ल-प्लॅटिनम) ओयू, म्हणजे सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या पोकेमॉनचा गट, खेळतोय. नव्या पिढ्या खेळणाऱ्यांसाठी आधीच सांगतो, इथे टीम प्रीव्ह्यू (लढतीआधी समोरची टीम दिसणं) नाही, ती सोय २०१० च्या ब्लॅक-व्हाइटपासून आली. समोर कोण येणार याचा पत्ता नसतो आणि आपला पहिला गडी टीम बनवतानाच ठरून जातो. त्यामुळे लीडच्या (या पहिल्या गड्याच्या) सेटवर जेवढं डोकं खाजवावं तेवढं थोडं.

माझा सेट:

अझेल्फ, फोकस सॅश (एचपी म्हणजे जीव पूर्ण असताना जिवावरचा फटका १ एचपीवर झेलणारी वस्तू), नाइव्ह नेचर (स्पीड वाढतो, स्पेशल डिफेन्स घटतो)
ईव्ही (आपण वाटून द्यायचे जादा गुण): २५२ अटॅक / ४ स्पेशल अटॅक / २५२ स्पीड
स्टेल्थ रॉक (आत येणाऱ्या प्रत्येक गड्याला इजा), टॉन्ट (समोरच्याला फक्त हल्ल्याच्या मूव्ह वापरू देतं), एक्स्प्लोजन (स्वतः मरून मोठा फटका), फायर ब्लास्ट

काम सरळ आहे. रॉक टाकायचे, समोरच्याला टाकू द्यायचे नाहीत, आणि जाताना एखाद्याला घेऊन जायचं. अडचण अशी की रॉक पडतात, पण ‘घेऊन जाणं’ फार कमी वेळा जमतं. मेटाग्रॉस आणि एरोडॅक्टिल समोर आले की तर हात बांधल्यासारखं होतं. म्हणून ईव्ही नव्याने वाटायचा विचार आहे.

पहिली शंका स्पीडची. टिमिड गेंगार स्कार्फशिवाय (स्पीड दीडपट करणारी, पण एकाच मूव्हला अडकवणारी वस्तू) ३५० च्या वर जात नाही. नाइव्ह अझेल्फला २१६ ईव्हीतच ३५२ मिळतात. मग पूर्ण २५२ टाकून ३६१ कशाला? उरलेले ३६ एचपीत टाकले तर २९१ चे ३०० होतात.

दुसरी शंका: मेटाग्रॉससाठी अटॅकचे ईव्ही सगळे स्पेशल अटॅकमध्ये नेले तर? एक्स्प्लोजनची ताकद २५०, वर या पिढीत समोरच्याचा डिफेन्स निम्मा धरला जातो. एवढं असताना त्याला ईव्हीची गरज खरंच आहे का?

आणि चौथी मूव्ह. फायर ब्लास्ट ठेवू, यू-टर्न (फटका मारून लगेच दुसरा गडी आत आणणारी मूव्ह) घेऊ की आणखी काही? जाणकारांनी प्रकाश टाकावा. ‘अझेल्फ सोड, दुसरं काहीतरी वापर’ हाही सल्ला चालेल, फक्त कारण सांगा.

रात्रपाळी:

स्पीडला हात लावू नका. ३५२ ते ३६१ या पट्ट्यात मोठी गर्दी नाही, पण जे आहेत ते नेमके तुमच्या वाटेत येणारे: स्टारमी आणि समोरचा अझेल्फ. अझेल्फ विरुद्ध अझेल्फ हा टॉन्टचा सामना असतो. जो आधी टॉन्ट मारेल त्याचे रॉक पडतात, दुसऱ्याचे नाहीत. ३६१ ला ३६१ असेल तर निदान नाणेफेक तरी होते, ३५२ वर तीही हातची जाते.

बदल्यात मिळतात ९ एचपी. ज्या गड्याचा सगळा खेळ सॅशमुळे १ एचपीवर टिकण्यावर आहे, त्याला २९१ काय आणि ३०० काय!

वजाबाकी:

वरच्याला +१. अटॅकचं मी बोलतो, आकडेमोड करून बघितली.

पूर्ण एचपी (४०४), पूर्ण डिफेन्स ईव्ही आणि डिफेन्स वाढवणारं नेचर असलेला स्वॅम्पर्ट धरा. तुमच्या २५२ अटॅकच्या एक्स्प्लोजनचं कमीत कमी डॅमेज ४०८ येतं. म्हणजे दरवेळी जातो. अटॅकमधले ईव्ही काढले की जास्तीत जास्त ३९४. म्हणजे एकदाही जात नाही, उलट तुमचा गडी फुकट गेला आणि स्वॅम्पर्ट हसत रॉक टाकतोय. ‘घेऊन जाणं’ आधीच जमत नाही म्हणताय, मग त्याच खात्यातून पैसे काढू नका.

आता मेटाग्रॉस. २५२ एचपीवाल्याला तुमच्या सध्याच्या फायर ब्लास्टने साधारण ६३ ते ७४ टक्के लागतात. सगळे ईव्ही स्पेशल अटॅकमध्ये ओतले तरी ७६ ते ९०. तरी जात नाहीच. त्याच्याकडे ऑक्का बेरी असेल तर यातलंही निम्मं.

आणि हे आकडे बाजूला ठेवले तरी क्रम बघा. पहिल्या टर्नला तुम्ही रॉक टाकलेत, त्याने मेटिऑर मॅश मारला, तुम्ही थोडक्या एचपीवर जेमतेम टिकलात. दुसऱ्या टर्नला तो बुलेट पंच मारणार. ती प्रायॉरिटी मूव्ह, म्हणजे आधी तीच लागणार, तुमचा स्पीड कितीही असो. म्हणजे चौथी मूव्ह वापरायची वेळच येत नाही. लीड मेटाग्रॉससाठी फायर ब्लास्ट ठेवला असेल तर तो चुकीच्या गिऱ्हाइकासाठी ठेवलाय. त्याचा खरा उपयोग मध्येच स्विच होऊन येणाऱ्या स्किझर आणि फॉरेट्रेसवर, दोघांनाही आगीचं चौपट लागतं.

मेटाग्रॉससमोर रॉक टाकून मरणं मला तोट्याचं वाटत नाही. तुमचे रॉक पडले, त्याचे अजून बाकी आहेत.

बाकीची टीम काय आहे? मॅग्नेझोन आहे का?

धागाकर्ता:

दोघांचे आभार. स्वॅम्पर्टच्या हिशोबाने डोळे उघडले, ईव्ही आहेत तसेच ठेवतो.

हो, मॅग्नेझोन आहे. सोबत रोटॉम आणि मेटाग्रॉस (सध्या बुलेट पंचवाला).

वजाबाकी:

मग फायर ब्लास्ट काढाच. स्किझर आणि फॉरेट्रेसला पकडायला मॅग्नेझोन बसलाय (तो स्टील टाइपला स्विच होऊ देत नाही). यू-टर्न घ्या. स्पेशल मूव्ह उरली नाही म्हणून नेचरही नाइव्हऐवजी जॉली करा, स्पेशल डिफेन्स उगाच का घालवायचा? ते ४ ईव्ही एचपीत टाका.

यू-टर्नचा मोठा फायदा एरोडॅक्टिलसमोर. जॉली असेल तर तो ३९४ वर, म्हणजे टॉन्ट त्याचाच आधी. एक्स्प्लोजन त्याला निम्मं लागतं, वर बहुतेकांकडे सॅश. तिथे हट्ट करून बसण्यात अर्थ नाही. यू-टर्नने सॅश फोडा आणि मेटाग्रॉस आत आणा. अ‍ॅडमंट मेटाग्रॉसचा बुलेट पंच, अटॅक पूर्ण असेल तर, बिनबचावाच्या एरोडॅक्टिलला साधारण ७० ते ८२ टक्के लागतो. अझेल्फ नंतर एक्स्प्लोजनसाठी हातात राहतो. अर्थात, त्याने रॉक टाकले असतील तर परत येताना तुमची सॅश गेली असं समजूनच खेळा.

रोटॉम आहे हे बरंय. या पिढीत त्याची सगळी रूपं घोस्ट आहेत, स्टारमीचा रॅपिड स्पिन (रॉक साफ करणारी मूव्ह, घोस्टला लागत नाही) अडेल.

धागाकर्ता:

पटलं. शेवटचं एकच, लीड टायरॅनिटार आला तर? टॉन्ट की रॉक?

रात्रपाळी:

रॉक, डोळे झाकून. त्याने क्रंच मारला की तुम्ही सॅशवर १ एचपीला, आणि त्याच टर्नच्या शेवटी त्याच्यासोबत येणारं वाळूचं वादळ तो १ ही घेतं. म्हणजे तुम्हाला मिळते एकच टर्न. एक्स्प्लोजन नकोच, रॉक टाइपवर निम्मंच लागतं.

आणि तो तुमच्या आधी हलला तर गोंधळू नका. जॉली स्कार्फ टायरॅनिटारचा स्पीड ३६४ होतो, तुमच्यापेक्षा ३ जास्त. तरीही सॅश एक फटका झेलते, रॉक पडतात. मात्र स्कार्फ आहे हे कळलं की तो त्याच मूव्हला अडकलाय हे लक्षात ठेवा. क्रंचवर अडकला असेल तर पुढचा गडी डार्कला पुरून उरणारा पाठवा.