गेम न खेळता गेमर्सवर संशोधन करता येतं का?

क्षेत्रकार्य:
ऑनलाइन गेम खेळणाऱ्यांचे समुदाय हा माझ्या संशोधनाचा विषय आहे. माझं मत ठाम आहे: जो स्वतः खेळत नाही, गिल्डमध्ये (खेळाडूंच्या कायमच्या गटात) बसत नाही, त्याने गेमर्सच्या वागण्याचे अर्थ लावू नयेत.

'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या ऑनलाइन गेममध्ये पसरलेली रोगाची साथ घ्या. सप्टेंबर २००५ मध्ये त्यात झुलगुरुब हे नवं ठिकाण उघडलं. तिथला हक्कार नावाचा शत्रू आपल्याशी लढणाऱ्यांना 'करप्टेड ब्लड' हा शाप द्यायचा आणि तो शेजारी उभ्या असलेल्यालाही लागायचा. झुलगुरुबबाहेर तो जाणं अपेक्षितच नव्हतं. पण 'हंटर' म्हणजे शिकाऱ्याचं पात्र घेतलेल्या खेळाडूने आपला पाळीव प्राणी लढाईतून परत पाठवला, की शाप त्या प्राण्यावर तसाच राहायचा. शहरात प्राणी पुन्हा बोलावला की लागण सुरू! शाप पातळी ६० च्या, म्हणजे तेव्हाच्या सर्वांत वरच्या पातळीच्या खेळाडूंसाठी बेतलेला, त्यामुळे नवखे पटापट मरत. दुकानदारासारखी गेमनेच चालवलेली पात्रं मरत नसत, पण लागण पसरवत. कोणी शहर सोडून पळालं, कोणी इतरांना बरं करायला धावलं, कोणी मुद्दाम पसरवत फिरलं. गेम बनवणाऱ्या ब्लिझार्ड कंपनीचं विलगीकरण टिकलं नाही, शेवटी सर्व्हर रीसेट करावे लागले. २००७ मध्ये लॉफग्रेन आणि फेफरमन या संशोधकांनी साथरोगांच्या अभ्यासासाठी याचा उपयोग 'लॅन्सेट इन्फेक्शस डिसीझेस' या वैद्यकीय नियतकालिकात मांडला.

आता गेमच्या सर्व्हरवरच्या नोंदींत काय दिसतं? प्राणी पाठवला, प्राणी बोलावला, माणसं मेली. यातली खोडी कुठली आणि प्राणी वाचवण्याची रोजची सवय कुठली, हे रेडमध्ये (मोठ्या गटाने मिळून केलेल्या चढाईत) लढलेल्यालाच ओळखता येतं. समाजशास्त्रज्ञ टी. एल. टेलर यांनी 'एव्हरक्वेस्ट' हा असाच ऑनलाइन गेम स्वतः खेळून २००६ मध्ये पुस्तक लिहिलं. बाहेरच्यांना जी नुसती हमाली वाटते, त्या तासन्‌तासांच्या मेहनतीतच काही खेळाडूंची मजा असते, हे त्यांना खेळल्यामुळे दिसलं.

आकडेशास्त्र:
ताई, अजिबात पटलं नाही. तुम्ही ज्या गिल्डमध्ये बसाल तेवढीच दुनिया तुम्हाला दिसणार. संशोधक निक यी यांनी अशा गेम्सच्या हजारो खेळाडूंची सर्वेक्षणं केली. लोक 'शाळकरी पोरं' म्हणत होते तेव्हा त्यांच्या २००६ च्या लेखात सरासरी वय २६ च्या पुढे निघालं. एका गिल्डमधून हे कळलं असतं?
दुसरं म्हणजे, आतला माणूस हळूहळू आतल्यांची बाजू घ्यायला लागतो. शिवीगाळीला 'चालतंच' म्हणणारे संशोधक मी पाहिले आहेत.

साथवाचक:
मुळात साथीचं उदाहरणच कच्चं आहे. गेममध्ये मेलात की भूत होऊन आपल्या प्रेतापर्यंत धावायचं आणि उठायचं. जिवाची भीतीच नसेल, तर त्या धाडसावरून खऱ्या माणसाबद्दल काय बोलणार?

क्षेत्रकार्य:
@साथवाचक, भीती कमी असते हे मान्य. पण 'जरा बघून येतो' म्हणत लागण झालेल्या शहरात शिरणारे तिथे होते, आणि असं कुतूहल साथींच्या गणितात धरलेलं नव्हतं, याकडे फेफरमन यांनीच लक्ष वेधलं.
@आकडेशास्त्र, वय फॉर्मवर कळतं. पहाटेपर्यंत चाळीस जण एकमेकांसाठी का थांबतात, ते फॉर्मवर कळत नाही.

लॉबीतला सोलापूरकर:
मी खेळणारा आहे, अभ्यासक नाही. २ सप्टेंबर २०२० ला पबजी मोबाइलवर बंदी आली, तेव्हा जो तो विचारायचा, व्यसन सुटलं का? स्क्वाड (आमची चौघांची टीम) कुठे गेला, हे कुणीच विचारलं नाही. आम्ही व्हॉट्सॲपवर टिकून राहिलो, मध्ये फ्री फायर खेळलो, जुलै २०२१ मध्ये पबजीची भारतीय आवृत्ती बीजीएमआय आल्यावर तेच चौघं पुन्हा उतरलो. तेवढ्यापुरतं तुमचं बरोबर आहे, बाहेरच्याला हे दिसत नाही.
पण माइक चालू असताना एखादा घरचं कर्ज सांगतो, आईचं दुखणं सांगतो. ते तुमच्या प्रबंधात जाणार का? फॉर्म आला तर भरायचा की नाही ते मी ठरवतो. तुम्ही तर सोबत खेळता, त्यामुळे तुमचीच जास्त धास्ती वाटते.

क्षेत्रकार्य:
मी संशोधक आहे हे आधी सांगूनच खेळते. लिहिण्याआधी परवानगी घेते, खेळाडूंचे आयडीही बदलते. रँडम लॉबीत, म्हणजे अनोळखी खेळाडूंसोबत, कुणाला विचारायला वेळच नसतो, म्हणून तिथलं बोलणं मी वापरतच नाही.

आकडेशास्त्र:
म्हणजे रँडम लॉबी तुमच्या अभ्यासाबाहेरच राहिली. अहो, मुलीचा आवाज ऐकला की घाण बोलणारे तिथेच तर भेटतात! ओळखीच्या स्क्वाडमध्ये बसून तो प्रकार कसा दिसणार?

म्यूट:
त्या मुलींपैकी मी एक. आयडी मुलाच्या नावाने आहे, अनोळखी लोकांत माइक बंद. @क्षेत्रकार्य, तुमच्या नोंदीत मी 'न बोलणारा खेळाडू' म्हणून जाईन आणि आकडेशास्त्र यांच्या आकड्यांत मुलगा म्हणून. आवाज ओळखल्यावर काय काय ऐकावं लागतं, ते मला समोर बसून विचारा. मी सांगायला तयार आहे, आजवर कुणी विचारलेलं नाही.