पिल्लाला शी-शूची सवय कशी लावावी? (सोसायटी ग्रुपवरील चर्चा)

बी-304: सर्वांना नमस्कार. आम्ही नुकतेच एक गावठी पिल्लू घरी आणले असून ते साधारण तीन महिन्यांचे आहे. खाली नेले की ते काहीच करत नाही आणि वर आल्याबरोबर हॉलमधल्या गालिच्यावर शू करते. आईंचे म्हणणे आहे की त्याचे नाक तिथे घासून एक फटका द्यावा, पण मुलांना ते मुळीच पटत नाही. ज्यांनी कुत्रे वाढवले आहे त्यांनी कृपया सांगावे.

सी-602: नमस्कार दादा. कळकळीची विनंती आहे की पिल्लाला मारू नका. आपण काय केले आणि त्याचे काय झाले, हा संबंध कुत्र्याला दोन्ही गोष्टी लागोपाठ घडल्या तरच जोडता येतो. गालिचा ओला दिसल्यावर दहा मिनिटांनी फटका बसला, तर शू आणि माणूस एकत्र आले की मार बसतो एवढेच ते शिकते. मग घरात ते पलंगाखाली लपून करते आणि खाली नेल्यावर पट्टा धरून उभ्या असलेल्या तुमच्यासमोर करायला घाबरते. अपराधी वाटणारा त्याचा चेहरा हा पश्चात्ताप नसून आपल्या आवाजाची भीती असते.

या वयात जागेपणी फार वेळ धरून ठेवणे त्याला शक्यच नसते, म्हणून वेळा आपण पाळायच्या: झोपेतून उठताच, खाल्ल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी, खेळून झाल्यावर आणि रात्री झोपण्यापूर्वी. खेळता खेळता ते अचानक थांबून फरशी हुंगत गोल फिरू लागले की लगेच उचला. लिफ्टमध्येही कडेवरच ठेवा, कारण कडेवर असताना पिल्ले सहसा शू करत नाहीत. खाली रोज त्याच कोपऱ्यात गप्प उभे राहा. शू संपताक्षणी, तिथल्या तिथेच, खिशातला पनीरचा किंवा उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा द्या. घरी येऊन दिलात तर ते बक्षीस घरी येण्याचे होते. त्यानंतर थोडा वेळ खेळू द्या. लगेच वर आणले तर शू केली की फिरणे संपते हे हुशार पिल्लू पटकन ओळखते आणि मुद्दाम लांबवत राहते.

गालिचा काही आठवडे गुंडाळून ठेवा. फिनाइलने वास आपल्यापुरता झाकला जातो, पिल्लाला तो येतच राहतो. पेट शॉपमध्ये मिळणारे, वासाचे मूळच तोडणारे एन्झाइमचे क्लीनर वापरा.

ए-101: ताई, लसीकरण अपूर्ण असताना बागेत सोडणे योग्य आहे का? पार्व्हो या कुत्र्यांच्या विषाणूजन्य आजाराने दगावलेले पिल्लू मी पाहिले आहे.

सी-602: काकू, तुमची काळजी रास्त आहे. पार्व्होचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो आणि त्यावरच्या लसीचे डोस साधारण 16 आठवड्यांच्या वयापर्यंत चालतात. तोवर जिथे इतर कुत्री येतात तिथे त्याला जमिनीवर ठेवू नये. कमिटीची परवानगी असल्यास गच्चीचा कोपरा किंवा बाल्कनीत मातीचा ट्रे चालेल. मात्र त्याला घरात कोंडूनही ठेवू नका. नव्या गोष्टी न भिता स्वीकारण्याचे वय साधारण 12 ते 14 आठवड्यांपर्यंतच असते, म्हणून कडेवर घेऊन गेटपाशी उभे राहा आणि रिक्षा, शाळेची बस, छत्री घेतलेली माणसे त्याला शांतपणे पाहू द्या. दिवाळीच्या फटाक्यांना घाबरणाऱ्या कुत्र्यांचे हाल आपण दरवर्षी पाहतोच.

बी-303: आम्ही शेजारीच राहतो. घरी कोणी नसले की ते सतत रडते आणि आमच्या बाबांची दुपारची झोप मोडते. यावर काही उपाय आहे का?

सी-602: आहे. एकटे राहणेही शिकवावे लागते. आधी अर्ध्या मिनिटासाठी दाराबाहेर जावे आणि ते रडू लागण्यापूर्वीच परत यावे. ते निवांत राहू लागले की वेळ हळूहळू वाढवावा. तोपर्यंत तासन्‌तास एकटे ठेवणे टाळावे लागेल.

बी-304: सर्वांचे मनापासून आभार. आईंना सी-602 ताईंचा मेसेज वाचून दाखवला, त्यांनी फटक्याचा विषय सोडला आहे. बी-303 काका, हा आठवडा दुपारी मी घरूनच काम करतो आणि एकटे राहण्याचा सराव सकाळी अकरानंतर घेतो. गच्चीच्या परवानगीसाठी कमिटीला आजच अर्ज देत आहे. जागा रोज आम्ही स्वतः धुऊ.