रणगाड्यांचं नुकसान कोणत्या रकान्यातून मोजायचं? कुर्स्कच्या २०० पँथरांवरून चर्चा

धागाकर्ता: मैदानी_तोफ

कुर्स्कचा (जर्मनी आणि सोव्हिएत संघातली १९४३ची मोठी रणगाडा-लढाई) विषय निघाला की नुकसानीचे आकडे दहापट फरकाने फेकले जातात. माझं मत सरळ आहे. लढणाऱ्या तुकडीने त्याच आठवड्यात ‘कायमचे निकामी’ म्हणून लिहिलेला आकडा म्हणजे नुकसान. शत्रूचे दावे धरू नयेत आणि ‘लढाईस तयार’ संख्येतली घट तर मुळीच धरू नये.

जर्मनांचा पँथर रणगाडा घ्या. ५ जुलै १९४३ला ५१ आणि ५२ या दोन बटालियन मिळून २०० गाड्या होत्या. १० जुलैच्या संध्याकाळी आघाडीवर लढाईस तयार उरल्या फक्त १०. यावरून ‘पाच-सहा दिवसांत १९० पँथर उडाले’ असं बेधडक लिहिलं जातं. जर्मन रणगाडा दलाचा महानिरीक्षक गुडेरियानच्या अहवालात त्याच संध्याकाळची फोड आहे: २५ कायमच्या निकामी (२३ मारा लागून जळाल्या, २ वाटेतच पेटल्या), १०० दुरुस्तीला (५६ तोफमारा आणि सुरुंगांमुळे, ४४ यांत्रिक बिघाडामुळे), सुमारे ४० दुरुस्त होऊन आघाडीकडे निघालेल्या, आणि सुमारे २५ अजून मैदानातून ओढून आणायच्या. आघाडीवरच्या १० धरून बेरीज २००. म्हणजे नुकसान २५, १९० नव्हे.

ताळेबंद

१९० चूक आहे हे मान्य. पण २५ हे उत्तर मला त्याहून धोकादायक वाटतं, कारण ते कागदावर बरोबर दिसतं.

हीच वही पुढे वाचा. २० जुलै: ४१ तयार, ८५ दुरुस्तीयोग्य, १६ जर्मनीला पाठवाव्या लागतील इतक्या मोडलेल्या, ५६ शत्रूच्या माऱ्याने जळालेल्या, २ इंजिनाच्या आगीत गेलेल्या. पुन्हा २००. आणि ११ ऑगस्टला कायमच्या निकामी गाड्या १५६, लढाईस तयार ९.

२० जुलैच्या ५८ (५६ आणि २) वरून १५६, म्हणजे ९८ची वाढ. ही सगळी ऑगस्टच्या गोळ्यांनी झालेली नाही. ३ ऑगस्टला सोव्हिएत प्रतिहल्ला सुरू झाला, ५ तारखेला बेल्गोरोद गेलं. माघारीत जी गाडी स्वतःच्या इंजिनावर चालत नाही आणि जिला ओढायला वाहन नाही, ती उडवून द्यावी लागते. पँथर ४५ टनांचा. १८ टनी हाफट्रॅक (पुढे चाकं, मागे ट्रॅक असलेलं ओढवाहन) एकटा त्याला मऊ जमिनीतून काढू शकत नाही, दोन-तीन जोडावे लागतात, तेही बहुधा रात्री. जुलैत सुरुंगावर ट्रॅक तुटलेला रणगाडा अशा रीतीने ऑगस्टमध्ये ‘नुकसान’ होतो. कारकुनाची तारीख आणि गोळा लागल्याची तारीख एक नसते.

तुमचा २५ एवढंच सांगतो की १० जुलैला जमीन कोणाच्या ताब्यात होती.

मैदानी_तोफ

जमिनीचा मुद्दा खरा आहे, पण मग थांबायचं कुठे? ऑगस्टची माघार जुलैच्या खात्यात टाकली, तर सप्टेंबरची का नको? ऑगस्टमध्ये सोडून दिलेली गाडी हे ऑगस्टचंच नुकसान आहे, मोडली कधीही असो.

आणि हीच शिस्त सोव्हिएत बाजूलाही लावा. ५व्या गार्ड्स टँक आर्मीचा १७ जुलैचा कागद ३३४ कायमच्या निकामी गाड्या दाखवतो: २२२ टी-३४, ८९ टी-७०, १२ चर्चिल रणगाडे आणि ११ तोफगाड्या. शिवाय २१२ दुरुस्तीत. हा आकडा सर्रास ‘१२ जुलैला प्रोखोरोव्काच्या मैदानात’ (कुर्स्कमधल्या गाजलेल्या रणगाडा-लढतीत) म्हणून वापरतात. प्रत्यक्षात तो १२ ते १६ जुलैचा आहे, या आर्मीच्या पाचही कोअरचा (कोअर म्हणजे अनेक ब्रिगेडचा गट). त्यातल्या ५व्या गार्ड्स यांत्रिक कोअरच्या काही ब्रिगेड दक्षिणेला र्झावेत्सकडे गुंतल्या होत्या. काही जण तर ३३४ आणि २१२ मिळवून ५४६ ‘नष्ट’ लिहितात. ही १९० पँथरांचीच चूक आहे, फक्त दुसऱ्या सैन्याबाबत.

ताळेबंद

५४६बद्दल पूर्ण सहमत. पण ३३४च्या शेजारी जर्मन ‘कायमचे निकामी’ ठेवून गुणोत्तर काढणं तुम्हाला पटतं का? ते मैदान नंतरचे काही दिवस बरंचसं जर्मनांकडे होतं. त्यांच्या मोडक्या गाड्या वर्कशॉपला गेल्या, तर त्यांच्या रेषेमागे अडकलेला टी-३४ फक्त ट्रॅक तुटला असला तरी सोव्हिएत वहीत गेलाच. रकान्याचं नाव एकच असलं तरी दोन्हीकडे मोजलेली गोष्ट वेगळी आहे.

दफ्तरखाना

दोघेही एकाच रकान्यावर भांडताय. प्रत्यक्ष कागद लावताना कुठे घसरतं ते लिहितो.

फक्त ‘लढाईस तयार’ नको, एकूण ताब्यातल्या गाड्या धरा. सुरुवातीची शिल्लक + नव्या आलेल्या + दुसऱ्या तुकडीकडून आलेल्या − दुसरीकडे दिलेल्या − मोठ्या दुरुस्तीसाठी मायदेशी पाठवलेल्या − कायमच्या निकामी = अखेरची शिल्लक. हे जुळलं नाही तर एखादा कागद हरवला आहे किंवा एखादी गाडी दोनदा मोजली आहे.

दोनदा मोजणं फार होतं. तीच गाडी रेजिमेंटच्या आणि ती ज्या डिव्हिजनला जोडली आहे तिच्या, अशा दोन्ही अहवालांत येते. पँथर रेजिमेंट ग्रोसडॉइचलंड डिव्हिजनसोबत लढत होती, त्यामुळे तिथे हा घोळ हमखास. पुढे ५१ बटालियनने उरलेल्या गाड्या ५२ला दिल्या. फक्त ५१ची वही पाहिली तर त्या गाड्या ‘गायब’ दिसतात. उलट चूकही होते: स्वतंत्र असॉल्ट गन (बुरुज नसलेल्या चिलखती तोफगाड्या) बटालियन तोफखान्याच्या होत्या, त्यामुळे फक्त पँझर (रणगाडा) तुकड्यांची बेरीज केली की त्या निसटतात. कमांड रणगाडे बहुधा वेगळ्या रकान्यात असतात.

जर्मन मासिक अहवालात ‘अल्प मुदतीची दुरुस्ती’ म्हणजे तीन आठवड्यांपर्यंतची. ‘दुरुस्तीत’ वाचून परवा परत येईल असं समजू नका.

आणि मैदानी_तोफ, तुमच्याच फोडीतल्या ओढून न आणलेल्या २५ गाड्या पाहा. १० ते २० जुलैमध्ये कायमच्या निकामी २५ वरून ५८ झाल्या, ३३ वाढल्या. त्या ३३मध्ये या २५पैकी किती, हे दोन बेरजांवरून कळतच नाही. त्यासाठी चेसिस नंबरवार (कारखान्यात प्रत्येक गाडीला मिळालेल्या कायमच्या नंबरानुसार) यादी लागते. बुरुजावरचा तीन आकडी नंबर पुरत नाही, तो बदली गाडीवरही रंगवतात.

पश्चिम_कमान

शत्रूचे दावे पूर्ण फेकून देऊ नयेत. जर्मनांची पूर्वेकडची गुप्तवार्ता शाखा स्वतःच्या सैन्याचे रणगाडा-दावे साधारण निम्म्यावर आणत असे, म्हणजे फुगवटा त्यांनाही माहीत होता. तरी दाव्यातली वेळ आणि जागा उपयोगी पडते. १६ जुलैला लुफ्टवाफेने (जर्मन हवाई दलाने) प्रोखोरोव्काची हवाई छायाचित्रं घेतली. सांगाडा कुठे आहे ते छायाचित्रात दिसतं, कधी पडला ते नाही. ती बाजू वेळेच्या नोंदींनी भरता येते.

पंजाबातल्या असल उत्तरला, सप्टेंबर १९६५च्या भारत-पाक युद्धात, भारतीय आकडा ९७ पाकिस्तानी रणगाड्यांचा आहे. मैदान आपल्याकडे राहिलं आणि सांगाडे भिखीविंडला आणून उभे करता आले, म्हणून तो मोजणीच्या जवळ जातो. तरी त्यातल्या चालू स्थितीत सोडलेल्या गाड्या वेगळ्या मांडल्याच पाहिजेत.

मैदानी_तोफ

दफ्तरखाना, ओढून न आणलेल्या २५ गाड्यांचा मुद्दा मान्य. मी ‘नुकसान २५’ मागे घेतो आणि ‘१० जुलै संध्याकाळपर्यंत कायमच्या निकामी २५, मैदानात पडून सुमारे २५’ असं लिहितो. पण १५६ हा कुर्स्कच्या चढाईचा आकडा म्हणून मी लिहिणार नाही.

ताळेबंद

१५६ चढाईचा म्हणून मीही मागत नाही. २० जुलैचे ५८ लिहा, पण शेजारी ८५ आणि १६ही लिहा. त्या १०१ गाड्यांपैकी कोणती पुन्हा लढली आणि कोणती वर्कशॉपबाहेर उडवली गेली, हे चेसिस नंबरांवरून लागेपर्यंत ५८ हा मी किमान आकडाच धरणार.